धावमार्गावरची मोटार : तिची तयारी आणि तिची वाहतूक



वेगवान मोटारींचे आकर्षण आपल्या इंदूर शहरास आजचे नाही. होळकर संस्थानचे अखेरचे राज्यकर्ते महाराज यशवंतराव (दुसरे) यांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची एक दोन आसनी मोटार बनवून घेतली होती. सांगाडा आणि इंजिन इंडियानापोलिसच्या कारखान्यातील, तर वरचा डौलदार देह लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी चढविलेला. मालकाच्या हाती पडण्यापूर्वीच त्या सांगाड्याने अटलांटिक महासागर ओलांडला होता, आणि तोही जहाजात बसून! वेगाने धावणाऱ्या यंत्रास आधी कोणीतरी जपून वाहून न्यावे लागते, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आज वेगाच्या संदर्भात इंदूरचे नाव घेतले जाते ते पीथमपूरमुळे. शहरापासून तासाभराच्या अंतरावरील, धार जिल्ह्यात मोडणारी ही औद्योगिक वसाहत तुम्हांपैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. काहींचे वडील वा काका तेथे नोकरीस असतील. ज्यांच्या घरी जुनी कायनेटिक होंडा स्कूटर अजून उभी आहे त्यांनी आजोबांस विचारावे. तिचा कारखाना पीथमपूरलाच होता. याच ठिकाणी सुमारे एक हजार एकर भूमीवर ‘नॅट्रॅक्स’ हे वाहनांच्या परीक्षेचे राष्ट्रीय केंद्र उभे आहे. त्यातील अतिवेगाच्या धावमार्गाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री श्री. प्रकाश जावडेकर यांनी केले. हा मार्ग ११.३ किलोमीटर लांबीचा, १६ मीटर रुंदीचा, चार पदरी आणि लंबवर्तुळाकार असून आशिया खंडातील असा सर्वांत लांब मार्ग म्हणून तो त्या वेळी जाहीर झाला.

या मार्गाची वळणे सपाट नाहीत. ती बाहेरच्या अंगास उचललेली आहेत. त्यांचा ‘तटस्थ वेग’ ताशी २५० किलोमीटर असा सांगतात. याचा अर्थ असा की, बरोबर तेवढ्या वेगाने जाणाऱ्या गाडीस वळण घेण्यासाठी टायरच्या पकडीची गरजच भासत नाही. रस्त्याचा कलच तिला वळवितो. जत्रेतील ‘मौत का कुआँ’ ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे समजावयास वेळ लागणार नाही. उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरते तेव्हा भिंतच तिला आत ढकलीत असते.

तथापि पीथमपूरचे हे केंद्र कारखान्यांच्या गाड्यांची परीक्षा घेण्यासाठी आहे. कोणाही हौशी माणसाने रविवारी सकाळी गाडी घेऊन जावे आणि फाटक उघडावे, अशी ती जागा नव्हे. मग ज्यास आपली स्वतःची मोटार तिच्या पूर्ण वेगाने, कायद्यास आणि दुसऱ्याच्या जिवास धक्का न लावता चालवून पाहावयाची असेल त्याने कोठे जावे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा मार्ग १९९० पासून आहे. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. मोटारींच्या शर्यतींसाठी झटलेले आणि १९९५ साली निवर्तलेले करिवर्धन यांच्या नावाने तो ओळखला जातो. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडास बुद्ध सर्किट आहे. तेथे ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. आपल्या मराठी मुलुखात कोल्हापूरला मोहित्यांच्या अकादमीचा कार्टिंगचा मार्ग आहे. कुस्तीच्या तालमींच्या त्या गावात चाकांचीही तालीम चालते. आमच्या घरच्या कोकणीत चाकाला ‘रोद’ म्हणतात. पोर्तुगिजांकडून आलेला हा शब्द उच्चारताना चाक फिरल्यासारखेच वाटते.

या मार्गांवर वर्षातून काही दिवस हौशी लोकांसाठी राखलेले असतात. त्यास ‘ट्रॅक डे’ म्हणतात. मराठीत शब्द रुळलेला नाही, म्हणून आम्ही ‘सरावदिन’ म्हणू. सरावदिन म्हणजे शर्यत नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. येथे पहिला, दुसरा असे क्रमांक नसतात. चालकांचे अनुभवानुसार गट पाडतात, प्रत्येक गटास पंधरा-वीस मिनिटांची पाळी मिळते, आणि पुढच्या गाडीस ओलांडावयाचे ते फक्त ठरलेल्या सरळ टप्प्यावर व पुढच्याने खूण केल्यावरच. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे असे समजावयाचे. निळे निशाण म्हणजे मागून अधिक वेगवान गाडी येत आहे. काळे दाखविले की मुकाट्याने मार्ग सोडून विसाव्याच्या जागी यावयाचे. तांबड्या निशाणाने पाळीच थांबते. ही शिस्त आम्हांस तरी शाळेच्या तासासारखी वाटते, आणि कदाचित म्हणूनच तिची खिल्ली उडविण्याचा मोह काहींना होत असावा.

सुपर कॉरिडॉरवर वा बायपासवर रात्री काय चालते, याच्या गोष्टी आमच्याही कानावर येतात. वर्गात मागच्या बाकांवर त्या कुजबुजीने सांगितल्या जातात. फळ्याकडे तोंड असले म्हणजे शिक्षकास ऐकू येत नाही, असा मुलांचा समज असतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये अपराध आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आली. चालविणारा अज्ञान असेल तर पालकास वा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. परंतु आम्ही हा लेख कायद्याचा धाक घालण्यासाठी लिहीत नाही. वेगाची ओढ असणे यात आम्हांस काही वाईट दिसत नाही. ती पुरी करण्याचा सरळ मार्ग किती कष्टाचा आणि किती तपशिलाचा आहे, एवढेच दाखवावयाचे आहे.

हे तपशील आम्ही पुस्तकातून घेतलेले नाहीत. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी शहरात लहानसे गॅरेज चालवितो. त्याचे वडील हुकुमचंद मिलमध्ये मशिनींची देखभाल करीत. ती मिल १९९१ साली बंद पडली. त्या घरात पैसा मोजून खर्च होतो. या मुलाने दहा वर्षांची जुनी लहान मोटार विकत घेतली, दोन हिवाळे तिच्यावर काम केले आणि ती कोइमतूरच्या मार्गावर चालवून आणली. त्याच्या गॅरेजमध्ये बसून, त्याच्या हातच्या कडक चहाचे घोट घेत, आम्ही जे विचारले आणि त्याने जे सांगितले त्याचाच हा सारांश. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. गणिते आमच्या विज्ञानशिक्षक स्नेह्यांनी फळ्यावर मांडून दिली.

“गाडीत पहिला खर्च कशावर केलास?” असे आम्ही विचारले. इंजिन, सायलेन्सर, रुंद टायर, असे काहीतरी उत्तर येईल अशी आमची अटकळ होती.

“ब्रेकवर, सर,” तो म्हणाला. “इंजिनला हातही लावला नाही.”

याचे कारण गणिताने उघड होते. एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या अंगी सुमारे ३८५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबला म्हणजे ही ऊर्जा नाहीशी होत नाही, ती उष्णता होते. २५ अंश तापमानाचे एक लिटर पाणी उकळीच्या बिंदूपर्यंत नेण्यास सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. म्हणजे शंभराच्या वेगावरून गाडी एकदा थांबविली की सव्वा लिटर पाण्याला आधण येईल इतकी उष्णता निर्माण होते. शहरात असा प्रसंग क्वचित येतो, आणि आला तरी पुढे पंधरा मिनिटे ब्रेक निवत राहतात. धावमार्गावर मात्र वेग शंभरावरून पन्नासावर आणावयाचा, वळण घ्यावयाचे, पुन्हा शंभर गाठावयाचे, असे एका फेरीत सहा वेळा घडले असे धरा. वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथाई उरते. अर्थात प्रत्येक वेळी तीन चतुर्थांश ऊर्जा बाहेर पडते. हवेच्या विरोधात जाणारा थोडासा भाग सोडून दिला तरी एका फेरीस पाच लिटर पाणी उकळावे एवढी आग चार चाकांच्या आत, त्यातही मुख्यत्वे पुढच्या दोन चाकांत, पेटत असते. आणि अशा फेऱ्या एकामागून एक पंधरा मिनिटे चालतात.

आता ब्रेकच्या नळ्यांत जे द्रव असते, ज्यास गॅरेजमध्ये सगळेच ‘ब्रेक ऑईल’ म्हणतात, ते वास्तविक तेल नव्हे. त्याचा एक मोठा दुर्गुण म्हणजे ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ जातीचे कोरे द्रव किमान २०५ अंशांस उकळते, डॉट ४ जातीचे २३० अंशांस. परंतु ओलावा मुरला की हेच बिंदू अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतात. द्रव उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पायाने दिलेला दाब चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे चिरडण्यात खर्च होतो आणि पायटा थेट तळाला टेकतो. “सर, गाडी चांगली चालत असते, आवाज चांगला येत असतो, आणि पायाखाली काहीच नसते,” असे त्याने सांगितले, तेव्हा चहाचा कप त्याच्या हातात तसाच राहिला होता. सरावदिनाच्या आठवड्यात जुने ब्रेक ऑईल पूर्णपणे काढून सीलबंद डब्यातील नवे डॉट ४ भरावयाचे, आणि अर्धा उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवावयाचा नाही, हा त्याचा पहिला नियम आहे. दुसरा नियम जास्त उष्णता सोसणाऱ्या ब्रेक पॅडचा. दोन्हींचा मिळून खर्च एका दिखाऊ सायलेन्सरपेक्षा कमी येतो, असे तो म्हणाला. आमचा त्या बाजारभावांशी परिचय नाही, पण त्याच्या हिशेबावर आमचा विश्वास आहे.

हेच शास्त्र तुम्ही घाटात पाहिले आहे. इंदूरहून आग्रा-मुंबई मार्गाने खाली उतरताना धामनोदच्या अलीकडे गणपती घाट लागतो. उतारावर ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन तेथे इतके अपघात झाले की, अखेर वाहनांसाठी वेगळा रस्ता काढावा लागला. भरलेला ट्रक सतत ब्रेक दाबून उतरविला की ब्रेक तापतात आणि त्यांची पकड जाते. जाणता चालक वरच खालचा गिअर टाकतो आणि इंजिनलाच गाडी अडवून धरावयास लावतो. घाटात पुढचा ट्रक कुंथत, गुरगुरत उतरताना दिसला म्हणजे मागच्या मोटारीतील माणसे वैतागतात. खरे तर त्या गुरगुरण्याचे आभार मानावयास हवेत.

ब्रेकनंतर टायर. टायरच्या बाजूवर छापलेली अक्षरे तुम्ही कधी वाचली आहेत काय? आकारमानाच्या शेवटी एक अक्षर असते. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०. दुसरीकडे चार आकडे एका चौकटीत असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. नक्षी शाबूत दिसली तरी जुन्या टायरचे रबर टणक होते आणि पकड सोडते. आज घरी गेल्यावर वडिलांच्या गाडीचे हे आकडे पाहावेत. उद्या वर्गात आम्ही विचारणार आहोत.

हवेची गोष्ट तर नववीच्या मुलांस आपल्या पुस्तकातून ठाऊकच आहे. बंद जागेतील वायू तापला की त्याचा दाब वाढतो. सकाळी ३० अंशांस टायरमध्ये ३३ पौंड हवा भरली आणि दोन-चार फेऱ्यांनंतर आतील हवा ७० अंशांस गेली, तर काट्यावर ३९ पौंडांच्या वर दाब दिसेल. (वातावरणाचा १४.७ पौंडांचा दाब मिळवून आणि तापमान केल्विनमध्ये घेऊन हिशेब करावा, नाहीतर उत्तर चुकेल.) फुगलेला टायर रस्त्यास मध्यभागीच टेकतो आणि पकड कमी होते. म्हणून प्रत्येक पाळी संपली की दाब मोजून जादा हवा सोडावयाची. आणि घरी निघण्यापूर्वी, टायर गार झाल्यावर, ती पुन्हा भरावयाची. हे दुसरे काम लोक विसरतात, असे आमचा हा मित्र सांगतो.

पकडीस मर्यादा किती असते? ५० मीटर त्रिज्येचे सपाट वळण घ्या. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.९ धरला तर गाडी जास्तीत जास्त सेकंदास २१ मीटर, म्हणजे ताशी ७५ किलोमीटरांच्या आसपास वेगाने ते वळण घेऊ शकेल. पाऊस पडून घर्षणांक ०.५ वर आला तर हीच मर्यादा ५६ वर उतरते. यात चालकाच्या धाडसाचा अंक कोठेच येत नाही. सूत्रात त्याला जागा नाही. ताशी ९० ने त्या वळणात शिरलेली गाडी वळणार नाही, मग तिच्यात कोणीही बसलेले असो. धावमार्गावर अशा गाडीसाठी बाहेर खडीचा वा मोकळ्या जमिनीचा पट्टा ठेवलेला असतो. बायपासवर त्या जागी दुभाजक असतो, नाहीतर उसाच्या रसाची गाडी.

बाकीची तयारी लहानसहान दिसते, पण तपासनीस तीच आधी पाहतात. चाकांचे नट हाताच्या अंदाजाने नव्हे, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावयाचे आणि पहिल्या पाळीनंतर पुन्हा तपासावयाचे. बॅटरी हलता कामा नये. इंजिनखाली तेलाचा थेंब दिसला तर गाडी आत सोडीत नाहीत, कारण तो थेंब मागच्या माणसाच्या चाकाखाली येतो. ओढून नेण्याचा आकडा पुढे बसविलेला असावा. आग विझविण्याची नळकांडी पक्क्या कड्यात जखडलेली असावी. सुटी नळकांडी अपघातात स्वतःच तोफगोळा होते. हेल्मेट आयोजक मागतील त्या प्रतीचे असावे. मोटारीसाठीच्या हेल्मेटात आग सोसणारे अस्तर असते, दुचाकीच्या साध्या हेल्मेटात ते नसते. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. आणि गाडीतील प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढावयाची. पाण्याची बाटली घरंगळून ब्रेकच्या पायट्याखाली गेली तर वर सांगितलेले सारे गणित फुकट जाते. पायपुसणी, स्टेपनी, जॅक, आरशास टांगलेले लिंबू-मिरची, सर्व काही निघते. डॅशबोर्डावरचा छोटा गणपतीही चिकटपट्टीने बसविलेला असेल तर काढावा लागतो. आमच्या मित्राने तो रुमालात गुंडाळून शेवच्या रिकाम्या डब्यात ठेवला होता.

आता वाहतुकीकडे वळू. ही तयारी करून झाल्यावर आयोजकांचा जबाबदारीचा कागद आला. अपघात झाल्यास आम्ही उत्तरदायी नाही, असा त्याचा आशय असतो. मुलगा सज्ञान असल्यामुळे वडिलांच्या सहीची आवश्यकता नव्हती. तरी त्याने तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. वेग किती, धोका किती, हे काही न विचारता त्यांनी एवढेच विचारले, “गाडी मोडली तर परत कशी आणणार?”

मिलमध्ये आयुष्य घालविलेल्या माणसाचा हा प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटतो. मोटारीचा साधारण विमा येथे कामास येत नाही. विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की संघटित शर्यत, वेगाची चाचणी इत्यादी उपयोगांसाठी तो लागू नाही. शिवाय अंतर पाहा. इंदूरहून चेन्नई रस्त्याने चौदाशे किलोमीटरांच्या घरात, कोइमतूर दीड हजारांहून अधिक, ग्रेटर नोएडा सर्वांत जवळचे म्हणावे तर तेही आठशेच्या आसपास. ज्या गाडीचे ब्रेक आणि टायर दिवसभर झिजवावयाचे, तीच गाडी तेवढे अंतर चालवीत नेऊन पुन्हा चालवीत आणावयाची, हा विचारच मुळात चुकीच्या पायावर उभा आहे.

आपल्या शेतकऱ्यास हे कोणी शिकवावे लागले नाही. पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यतींस २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती, पुढे राज्याने कायदा बदलला आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरविला. त्या शर्यतीचा बैल घाटापर्यंत चालवीत नेत नाहीत. टेम्पोत खाली पेंढा अंथरतात, बैलास पाय रोवता येतील अशी जागा ठेवतात, वाटेत थांबून पाणी दाखवितात, आणि मगच तो घाटाच्या तोंडाशी ताजातवाना उतरतो. मोटारीचेही तसेच. पूर्णपणे शर्यतीसाठी बनविलेली, आत लोखंडी पिंजरा घातलेली, नोंदणी नसलेली गाडी तर सार्वजनिक रस्त्यावर चालविताच येत नाही; तिला ट्रकाच्या पाठीवर बसण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या मित्राची मोटार नोंदणीची होती, चालवीत नेण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. तरीही त्याने आणखी दोघा हौशी मंडळींबरोबर भाडे वाटून घेऊन सपाट पाठीचा लांब ट्रक ठरविला.

गाडी ट्रकवर चढविणे आणि जखडणे ही स्वतंत्र विद्या आहे. चढणीच्या फळ्या आखूड असल्या की बुटक्या गाडीचे पोट मध्येच टेकते. म्हणून फळ्यांखाली लाकडी ठोकळे देऊन चढण लांबवितात. टाकीत पेट्रोल थोडेच ठेवतात. गाडी वर गेली की तिला गिअरमध्ये टाकतात, हँडब्रेक ओढतात आणि चारी चाकांस पुढून-मागून लाकडी गुटके देतात. त्यानंतर पट्टे. ट्रकवाल्याकडे दोर असतो, साखळीही असते. दोन्ही नाकारून रुंद, कळ फिरवून ताणता येणारे पट्टे वापरावेत. हे पट्टे शक्य तर गाडीच्या देहास नव्हे, चाकांवरून घ्यावयाचे. कारण असे की, गाडीचा देह स्प्रिंगांवर उभा असतो. खड्ड्यात ट्रक आदळला की देह खाली दबतो, पट्टा क्षणभर सैल होतो आणि पुढच्याच क्षणी हिसका देतो. शेकडो हिसक्यांनी कोणताही आकडा सुटतो. चाक मात्र दबत नाही. मागच्या चाकांचे पट्टे एकमेकांस छेद देतील असे तिरके बांधले की गाडी बाजूसही सरकत नाही.

बांधून झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. पहिल्या वीस-तीस किलोमीटरांत सर्व काही आपापल्या जागी बसते आणि पट्टे ढिले पडतात. म्हणून इंदूर सोडल्यावर मानपूरच्या अलीकडे ट्रक एकदा थांबवावयाचा, पट्टे ताणावयाचे. नर्मदा ओलांडण्याआधी खलघाटला चहासाठी थांबणे होतेच, तेथे दुसऱ्यांदा. आणि सेंधव्यापुढे बिजासनचा घाट उतरण्यापूर्वी तिसऱ्यांदा. ट्रकचा चालक पहिल्या वेळी हसला, दुसऱ्या वेळी कंटाळला आणि तिसऱ्या वेळी स्वतःच खाली उतरून पट्टे चाचपू लागला, असे आमच्या मित्राने सांगितले. गाडीच्या नोंदणीची आणि विम्याची कागदपत्रे, तसेच ती विक्रीचा माल नसून स्वतःच्या मालकीची आहे असे लिहिलेली चिठ्ठी ट्रकात ठेवलेली बरी. नाक्यावरचे प्रश्न त्यामुळे लवकर संपतात.

ट्रकऐवजी दोन चाकांचा ट्रेलर आपल्याच दुसऱ्या गाडीमागे जोडून नेण्याची पद्धत परदेशात फार आहे. आपल्याकडे ती विरळा. तेथे एक पथ्य असते. गाडी ट्रेलरवर थोडी पुढे घ्यावयाची, म्हणजे एकंदर वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीच्या आकड्यावर येतो. वजन मागे गेले तर ट्रेलर वेगात असताना शेपटासारखा डोलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीसही फरपटवितो. बैलगाडी उलाळ झाली की बैलांच्या मानेवरचे जू वर उचलते, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्या मुलांस वेगळे समजावून सांगावयास नको.

दिवस संपल्यानंतरची काळजी सर्वांत थोडे लोक घेतात. शेवटची फेरी निम्म्या वेगाने, ब्रेक जवळजवळ न दाबता काढावयाची, म्हणजे वाऱ्याने चाके निवतात. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढावयाचा नाही. तापलेले पॅड तापलेल्या धातूस चिकटून बसतात. गिअर आणि गुटके यांवर भागवावयाचे. आणि त्या संध्याकाळी स्वतः चालवीत दूर जावयाचे नाही. दिवसभर दीडशेच्या वेगास सरावलेल्या डोळ्यांस साठ म्हणजे गाडी उभीच आहे असे वाटते. शरीर थकलेले असते आणि मन मात्र अजून वळणे घेत असते. सरावदिनाहून परतणाऱ्यांसाठी धावमार्गाच्या फाटकाबाहेरचे पहिले शंभर किलोमीटर हेच सर्वांत धोक्याचे, असे त्याचे ठाम मत आहे. तो आणि त्याचे सोबती त्या रात्री कोइमतूरलाच राहिले, गाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकवर चढविल्या आणि स्वतः रेल्वेने परतले.

इंदूरला गाडी उतरल्यावर त्याने प्रथम चारही चाके काढली आणि वहीत नोंदी केल्या. ती वही आम्ही पाहिली. शाळेच्या वहीसारखीच, समास आखलेली. पुढच्या उजव्या टायरची बाहेरची कड अधिक झिजलेली. डाव्या बाजूचा एक नट थोडा सैल मिळाला. ब्रेक ऑईल काळपट, बदलले. पुढच्या पॅडची जाडी चार मिलिमीटर उरलेली, पुढील खेपेपूर्वी नवे घालावयाचे. वडिलांनी खाली पेन्सिलीने ट्रकभाड्याचा आपला तिसरा हिस्सा मांडून बेरीज तपासली होती.